गालियाच्या बागेचं पाणी

पाणी चोरतोय तो दीरच, याबद्दल गालियाच्या मनात तिळभर शंका नव्हती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस इद्दतीत, परपुरुषाच्या नजरेआड, घरात बसून ती बागेत आली, तेव्हा माती ओली होती. आता तीन आठवड्यांत खजुरीच्या झावळ्या पिवळ्या पडल्या. आणि शेजारच्या बागेतला हा दीर, सुलैम, तिला पाहिलं की मान खाली घालून सटकायचा. मन खात असल्याशिवाय माणूस असा वागतो का?

काल गावच्या कालव्याच्या, फलजच्या काठावर, पाणीवाटपाला जमलेल्या पुरुषांदेखत तिने त्याला चोर म्हटलं. तो चकार शब्द बोलला नाही. तिला तेवढा पुरावा पुरला.

आज बागांना आपोआप पाणी सोडणाऱ्या झडपांचं यंत्र बसवणारी इंजिनियर रय्या निझव्याहून आली. गालियाने तिला कॉफीसुद्धा धड पिऊ दिली नाही.

"सुलैमने झडपेला हात लावलाय का, तेवढं सांग पोरी."

"नाही, खाला. यंत्रानेच बंद ठेवलीय."

"म्हणजे यंत्रही त्यालाच फितूर!"

रय्या हसली. "हे आधी अंदाज बांधतं, मग मातीत खोचलेल्या काड्यांना विचारतं. दोन्ही जुळेनात, तर अंदाज बदलतं, नाहीतर पाणी सोडतं. तुमच्या इद्दतीत पाहावं तेव्हा माती आधीच ओली. चार महिने तेच. याने ठरवून टाकलं, या बागेला पाणी लागतच नाही. आता काड्या कोरडं सांगतात, तर याला वाटतं, काड्याच बिघडल्या. एवढी खात्री मी याला होऊ द्यायला नको होती."

"पण झडप बंद, मग पाणी आलं कुठून?"

रय्याने सुलैमच्या बागेकडच्या भिंतीच्या तळाशी चिखलाने बुजवलेला पाट दाखवला.

"हाच! इथूनच नेतो मेला!"

"उतार तुमच्याकडे आहे, खाला."

गालियाने भिंतीपलीकडे पाहिलं. सुलैमच्या झाडांवर घड सुकून लोंबत होते.

"सुलैम!"

तो भिंतीपाशी आला, नजर जमिनीवर.

"काल तोंड शिवलं होतं का तुझं?"

"काय सांगणार, वहिनी? इद्दतीत दीर बागेत येऊन पाणी देत होता, असं? लोकांनी तुम्हाला काय काय म्हटलं असतं. तुम्ही बाहेर आलात, तसा पाट बुजवला."

डोळे पुसून गालिया तशीच फलजकडे निघाली. काल ज्यांच्यादेखत तिने त्याला चोर म्हटलं, ते सगळे पुरुष आजही वाटपाला जमलेले होते.