डाव्या पायावरचे पास

हिस्केला पाठीमागेही डोळे आहेत, असं आमच्या गावात सगळे म्हणायचे. मी आमच्या फुटबॉल संघाची गोली. तिच्या मागेच उभी असायचे, त्यामुळे ते डोळे नेमके कसे चालतात हे मला दिसायचं. चेंडू तिच्याकडे निघाला की तो पोचायच्या आत ती मान वळवून एकदा या खांद्यावरून, एकदा त्या खांद्यावरून मागे बघून घ्यायची. चेंडू पायाशी येईपर्यंत तिचं पुढचं सगळं ठरलेलं असायचं.

ही सवय डुर्कनी लावलेली. डुर्क म्हणजे आमचे प्रशिक्षक. साठीला टेकलेले, दिवसभर बोटी दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी आम्हाला. सरावात ते मधल्या खेळाडूच्या पाठीमागे जाऊन कधी पिवळं, कधी निळं फडकं वर धरायचे. चेंडू पायात घेण्याआधी रंग सांगायचा. आम्ही बाकीच्या अंदाजे काहीतरी ठोकून द्यायचो. हिस्के मात्र बघून सांगायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर रिक्स्त आली. उत्तरेकडच्या बेटावरची मुलगी. चीजच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आमच्या गावात खोली घेऊन राहिली होती. उंच, लाजरी, कोपरं बाहेर काढून धावणारी. पहिल्याच सरावाला डुर्कनी तिच्या मागे जाऊन फडकं धरलं.

"पिवळं," ती म्हणाली. मग चेंडू पुढे देत म्हणाली, "आणि ती गोली गोल सोडून बुटाची नाडी बांधतेय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण मी खरंच वाकले होते. डुर्क सहसा हसत नाहीत, त्यांच्याही मिशा हलल्या.

"हिस्के, तुझी गादी गेली गं," कुणीतरी म्हणालं.

"गादी कसली, मळकी सतरंजी आहे. घेऊन जा म्हणावं," हिस्के म्हणाली. हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

हिस्के आणि मी सायकलवरून बरोबर घरी जायचो. त्या दिवशी ती वाऱ्याविरुद्ध वाकून पुढेपुढेच जात होती. शेवटी पुलाजवळ थांबली आणि म्हणाली, "बेटावर ही खेळायची तरी कुणाशी? मेंढ्यांशी?"

"चांगली आहे की," मी म्हणाले.

"मी कुठे वाईट म्हणाले?"

पुढच्या काही आठवड्यांत मला एक गोष्ट दिसायला लागली. चौकोनात उभं राहून पास द्यायचा आणि दिला की लगेच दुसऱ्या कोपऱ्याकडे धावायचं, असा एक सराव आम्ही रोज करायचो. हिस्केचा पास म्हणजे ताटात वाढल्यासारखा. ज्या पायावर हवा त्या पायावर, हवा तेवढ्याच जोराचा. रिक्स्तकडे जाणारा पास मात्र तसा नसायचा. रिक्स्तचा डावा पाय कच्चा होता, आणि हिस्केचा चेंडू नेमका डावीकडे जायचा. तोही टाचेच्या थोडा मागे, हलकी उसळी घेत. एकेक पास घेतला तर त्यात खोट काढता आली नसती. पण एकामागून एक सगळे तसेच.

रिक्स्तच्या पायाला लागून चेंडू मैदानाशेजारच्या कालव्यात जायचा. तो बाहेर काढायला कुंपणाला जाळीची लांब काठी टांगलेली होती. आमच्या संघात जिने घालवला तिने काढायचा. रिक्स्त काठी घेऊन काठावर ओणवी व्हायची आणि मुली म्हणायच्या, "बेटावरचीला पाण्याची ओढ."

एकदा परतताना मी हिस्केला विचारलंच. "मुद्दाम करतेस का गं?"

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

"वारा होता," ती म्हणाली.

आमच्याकडे वाऱ्यावर काहीही ढकललं तरी चालतं. पण त्या संध्याकाळी झाडाचं पानही हलत नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर तिने सायकल हळू केली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तिने चेंडू घेतला ना, की मला दुसरं काही दिसत नाही. ती आता चुकेल, आता चुकेल म्हणून मी बघत राहते. तुम्हाला ती नुसती चांगली दिसते. किती चांगली आहे ते मला कळतं. मी हेरलेली जागा तिने माझ्या आधी हेरलेली असते. घरी जेवताना समोर बटाटे असतात आणि मी तिचे पास आठवत बसते."

मी तिच्या बरोबरीने पॅडल मारत राहिले. इतकी वर्षं तिला कुणाचा हेवा करायची गरजच पडली नव्हती. त्यामुळे तो कसा गिळायचा हे तिला येत नव्हतं.

पानं गळून गेली तोवर एक विचित्र गोष्ट झाली. रिक्स्तचा डावा पाय सुधारला. टाचेमागे आलेला चेंडू ती पायाच्या आतल्या बाजूने ओढून त्याच झोकात गर्रकन वळायला लागली. समोरची मुलगी तिथेच राहायची. डुर्कनी तिला मधोमध आणलं आणि हिस्केला कडेला पाठवलं. हिस्के नुसती बुटांचा चिखल काढत बसली, बूट स्वच्छ झाले तरी.

हिवाळ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा सामना शेजारच्या गावाशी होता. एक-एक अशी बरोबरी. सामना संपत आलेला. हिस्केने कडेवर चेंडू हिसकावला, दोघींना चुकवून ती आत घुसली. मी मैदानाच्या या टोकाला होते, तरी मला लख्ख दिसत होतं. रिक्स्त पलीकडून धावत आली होती आणि गोलसमोर एकटी उभी होती. तिच्या आसपास कुणीही नव्हतं. हिस्केची मान वळली. पुन्हा तिकडेच वळली. आणि तिने स्वतःच चेंडू मारला.

त्यांच्या गोलीने तो पोटाशी धरला आणि लगेच लांब भिरकावला. आमच्या सगळ्या पुढे गेलेल्या. त्यांची एक धिप्पाड पोरगी चेंडू घेऊन माझ्यावर चालून आली आणि तिने गोल केला. हरलो.

कँटीनमध्ये लोक हिस्केच्या पाठीवर थाप मारत होते. "थोडक्यात हुकलं, पोरी." ती मान डोलावत होती. समोर रिक्स्त तळलेले मांसाचे गोळे मोहरीच्या सॉसमध्ये बुडवून खात होती, एकामागून एक, कुणाकडेही न बघता. डुर्क कॉफीचा कप घेऊन आले आणि हिस्केच्या शेजारी बसले.

"रिक्स्त दिसली नाही तुला?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही."

"मान वळवायला तुला मी शिकवलंय, हिस्के. एकदा बघून दिसली नसती तर तू दुसऱ्यांदा तिकडेच बघितलं नसतंस."

हिस्केचे कान लाल झाले.

"सुट्टीनंतर तू मैदानात नाही, बाकावर," डुर्क म्हणाले. "किती दिवस, ते मला माहीत नाही."

ती उठली आणि बाहेर गेली. रिक्स्तने हात पुसले आणि तीही तिच्यामागे गेली. मीही निघाले. म्हटलं, या दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतील. सायकलींच्या छपराखाली त्या समोरासमोर उभ्या होत्या.

"सांग डुर्कला," हिस्के म्हणत होती. "डाव्या पायाचंही सांग."

"ते मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? सगळ्या तुझ्या. मी कालची आलेली." रिक्स्त जाकिटाची चेन वरखाली करत होती. "आणि असा वाईट पास इतक्या नेमकेपणाने दुसरं कुणी देऊच शकणार नाही. मी कारखान्याच्या भिंतीवर तसा मारून बघायचे. रडायचे आणि मारायचे. मला नाही जमला."

हिस्के बुटाच्या टोकाने जमीन उकरायला लागली.

"ते माझ्यापुरतं होतं, ते मी सोसलं," रिक्स्त म्हणाली. "आज तू बाउक्याला एकटीला सोडलंस. तो गोल तिच्या नावावर लागला."

बाउक्या म्हणजे मी. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"मला तू आवडत नाहीस," हिस्के म्हणाली. आवाज फाटला होता.

"माहीत आहे. मलाही तू नाही आवडत."

रिक्स्तने सायकल काढली आणि गेली. हिस्के तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सॉरी गं." मी तिची सायकल भिंतीपासून सोडवून तिच्या हातात दिली.

सुट्टीनंतर ती परत येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. ती आली. बाकावर बसली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, सरावाला सगळ्यांच्या आधी हजर राहिली. पुढे डुर्कनी तिला परत घेतलं ते माझ्यापुढे, बचावात. तिथून ती रिक्स्तला चेंडू द्यायची. चोख द्यायची. पण रिक्स्त वळून पुढे निघाली आणि लोक ओरडायला लागले की हिस्केचा जबडा आवळायचा. मला मागून तेवढंही दिसायचं.

वसंतात एका मोठ्या क्लबची बाई रिक्स्तला बघायला आली. मध्यंतरात तिने नेमकं हिस्केलाच गाठलं. "तुम्ही जुन्या खेळाडू ना? कशी आहे ही मुलगी?"

हिस्केने बाटलीतलं पाणी संपवलं. मग म्हणाली, "घेऊन जा. इथे तिच्या वेगाने विचार करणारं कुणी नाही." आणि थोड्या वेळाने, जरा तोडून, "मीसुद्धा नाही."

रिक्स्त गेली. हिस्केला मधली जागा परत मिळाली. पहिल्या सरावाला तिने मोकळ्या जागेत एक सुरेख पास टाकला आणि तिकडे कुणी धावलंच नाही. ती सगळ्यांवर डाफरली. "अगं, दिसत नाही का तुम्हाला?" मुली एकमेकींकडे बघत राहिल्या.

"गेली ते बरंच झालं," पुलाजवळ ती मला म्हणते. तरी दर रविवारी दुपारी मला हिस्केचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते, हवेला नावं ठेवते आणि शेवटी विचारते, रिक्स्तच्या क्लबचा सामना काय झाला, ती खेळली का. चांगली खेळली असं सांगितलं की डावा पाय कसा चालला तेही विचारते. मग म्हणते, "खेळणारच," आणि फोन ठेवून देते.