न रडलेली मुलगी

मी पाट. बसायचा नव्हे, मोजायचा. दोन वर्षांखालचं मूल माझ्यावर आडवं निजवतात. डोकं एका टोकाच्या उभ्या फळीला टेकवतात, गुडघे सरळ धरतात आणि सरकती फळी टाचांपर्यंत आणतात. तिथे जो आकडा दिसेल तो खरा. माझ्या सुताराचा हात पक्का होता. मी खोटं बोलत नाही.

माझ्यावर ठेवलं की प्रत्येक मूल रडतं. लाथा झाडतं, मला भिजवतं. ती कटकट मला खपत नसे.

मी पोषण केंद्रात राहतो. इथे लहान मुलांना रोज शिजवलेला आहार मिळतो. त्यानं मुलं खरंच वाढतात का, हे तपासायला मोजणीवाली ताई आली. आकडे दूरच्या मोठ्या कचेरीत जाणार होते. जे देश मी कधी पाहणार नाही, तिथल्या पोरांच्या वाटीत काय पडायचं तेही त्यावरून ठरणार होतं. मला आधी अभिमान वाटला.

मग भीती शिरली. मोजणीला सगळी गुटगुटीतच मुलं येत होती. बारकी गेली कुठे?

जुळ्यांची आई थोरलीला घेऊन आली. पोरीनं डाव्या मुठीत माझी कड घट्ट धरली, टाच आपटली, गळा काढला. थोड्या वेळानं आई धाकटीला घेऊन आली. झबलं वेगळं, पण तीच मूठ, तीच टाच. ती थोरलीच होती.

"अगंबाई, जुळ्या तरी किती सारख्या!" ताई म्हणाली.

"साचाच एक, ताई. नग वेगळा कसा निघेल?"

बायका हसल्या. दाराशी बसलेली तिची सासू हसली नाही.

मला तोंड नाही. धाकटी घरात पडून, आणि कागदावर धडधाकट. मी आतून गार पडलो.

ताई आवराआवर करू लागली. "छान वाढलीत तुमची मुलं. आता डॉक्टरांची गाडी इथे नको. दुसऱ्या वस्तीला पाठवतील."

आईचा चेहरा उतरला. "कसली गाडी?"

"ज्यांना नुसता आहार पुरत नाही त्यांच्यासाठी. आल्या आल्या सांगितलं होतं ना?"

"आम्हाला वाटलं, पोरं बुटकी निघाली तर केंद्रालाच टाळं लावाल."

"तरी मी म्हणत होते!" सासू कडाडली. "आता बघत काय बसलीस? आण तिला!"

आई धावत गेली. परतली तेव्हा छातीशी एक चादर होती. आत मूल आहे हे आधी कळलंच नाही.

धाकटीला निजवलं. सरकती फळी निघाली. बहिणीची रेघ मागे पडली, तरी टाच लागेना. फळी सरकतच राहिली. ताईनं आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग लगेच डॉक्टरांची गाडी बोलावली.

पोरीनं माझी कड धरली नाही. लाथ मारली नाही. रडली नाही.

गाडी मायलेकींना घेऊन गेली. लपवलेली मुलं मग एकेक करून आली. ताईनं मोजणी पहिल्यापासून केली.

आता मी भिंतीला टेकून उभा असतो. धाकटी अजून परतलेली नाही. सासू रोज येऊन दाराशी बसते. गाडीचा आवाज आला की आम्ही दोघंही श्वास रोखून धरतो.

आयांनो, मला घाबरू नका. भ्यायचं ते मी भितो. रडकी पोरं मागून आणलीत तरी चालेल. जी रडत नाहीत, ती आधी आणा.