उघडा ओठ

आरसा तळहाताएवढा, एका कोपऱ्यात पारा उडालेला, आणि त्यात मावत होती ती फक्त मिशी... डोळे नाहीत, कपाळ नाही, नुसती मिशी, दोन्ही टोकांना वर वळलेली, तेल पाजून पाजून काळी कुळकुळीत ठेवलेली. सोनाळ्यातलं प्रत्येक लेकरू तिला ओळखत होतं. रंगरावाने आरसा किंचित हलवला, मिशी हलली. इथे तीच आली होती, आणि आपण नुसते तिच्या सोबतीला, असं त्याला उगाच वाटून गेलं.

"काहाड," तो म्हणाला.

कारभारी न्हाव्याचा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर थबकला. "दादा?" त्याने रंगरावाच्या बापाचं हळूच विचारलं. "परवा तं बाजारात दिसले होते, रंगभाऊ. कवा गेले?"

"गेले नाई. मळ्यात भाकर चुरून राह्यले."

"मंग काऊन?"

"काहाड म्हन्लं ना बे!"

बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नसते हे कारभाऱ्याला कोणी सांगायला नको होतं. बाप गेला की पोराची मिशी उतरवायला घाटावर तोच तर जायचा. हे वामनरावांनाही ठाऊक होतं, आणि म्हणून तर त्यांनी ती अट घातली होती... काल संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात, नृसिंहजयंतीच्या सोंगांची वाटणी चालली असताना. वामनराव सोंगांचे मुख्य. मुकुटांची पेटी त्यांच्याकडे, पेटीची किल्ली त्यांच्याकडे, आणि कोणी काय व्हायचं तेही त्यांनीच सांगायचं. वाटणी कसली! अंग पाहूनच ठरलेलं असायचं सगळं. किडकिडीत तो नारद. गोरा तो विष्णू. इंद्रभानची मनगटं बारीक, गळा बारीक, म्हणून तो कयाधू, प्रल्हादाची आई. आणि चौकटीतून वाकून शिरणारा, काळा, नगाऱ्याच्या घशाचा रंगराव? त्याला तर कोणी विचारतही नसे. हिरण्यकश्यपू, दुसरं काय! राजधानी नागपूरची मुंबई झाली, राज्याचं नाव महाराष्ट्र झालं, पण सोनाळ्याचा राक्षस तोच राहिला.

"औंदा मी कयाधू होतो," तो म्हणाला होता.

आधी कोणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि सगळा सभामंडप हसला. वामनराव तर उपरण्याने डोळे पुसत हसले. "हत्तीले नथ घालू का मंग? अन् या मिशीचं काय करशीन, पदरानं झाकशीन?" आणि मग सगळ्यांकडे एकवार पाहून, "मिशी काहाडून ये उद्या. कयाधू तुही!" पुन्हा हशा. भगवंतराव ठणठणीत असताना त्यांचा पोरगा मिशीला वस्तरा लागू देणार नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

वस्तरा टेकला. थंडगार.

हसा. हसा लेकहो... इतकी वर्षं मी मांडीवर थापा मारल्या, डोळे गरगर फिरवले, तुमच्या बायका पोरांना निजवताना माझं नाव घेतात — निज, नाहीतर रंगराव येईल — आणि मी तेही हसून घेतलं. पण दर वैशाखात प्रल्हाद झालेलं कोणाचं तरी पोर मी डोक्यावर उचलतो, आगीत फेकायला. खोटी आग, लाल कापडाची. पोरालाही ते माहीत असतं. तरी त्याचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडतं. ते तुम्हाला कुठून ऐकू येणार? तुम्ही इंद्रभानकडे पाहत असता. तो छाती पिटतो, गडाबडा लोळतो, हंबरडे फोडतो, बायका पदर डोळ्यांना लावतात... आणि पोराला तसंच वर धरून राक्षस मनात म्हणत असतो, खोटं आहे हे. आई असं करत नाही.

रंगरावाने पाहिलं होतं. त्याची पोरगी शालू तापात गेली, त्या दिवशी त्याची बायको, सत्यभामा, ओरडली नाही. अंगणातल्या दोरीवरचा पोरीचा झगा तिने काढला, झटकला, घडी घातली. मग ओला आहे वाटून पुन्हा वाळत टाकला. पुन्हा काढला, पुन्हा घडी. जमलेल्या बायका कुजबुजल्या, दगडाची आहे बाई. आणि पुरुषांनी त्याच्या पाठीवर थाप मारली — "तू तं राक्षस गडी, रंगराव. तू रडशीन तं कसं होईन?" तो रडला नाही. एवढं मोठं अंग घेऊन कुठे रडायचं, हेच त्याला समजलं नाही. पुढच्या वैशाखात त्याने पुन्हा एक पोर आगीत फेकलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून त्याला कयाधू हवी होती. रडायचं नाही, लोळायचं नाही. राजा गर्जत असताना ती एक लहानसं कापड घेऊन उभी राहील आणि घडी घालील. बस. केळीच्या बागेत कोणी नसताना उपरणं हातात घेऊन त्याने हे कितीदा केलं होतं! कोणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते.

"झालं," कारभारी म्हणाला, आणि आरसा पुढे न करता त्याने तो पालथा घातला.

उन्हाचा तडाखा सुरू झाला होता. रंगरावाने दुपट्टा भिजवून डोक्याला गुंडाळला आणि तो बाजारातून निघाला — मान ताठ, कोणी हसलं तर काय बोलायचं ते शब्द जिभेवर तयार. पण कोणी हसेना. बोलणारे गप्प झाले. पानवाल्याने टोपी काढली. एक म्हातारा जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लय वाईट झालं गड्या."

"वाईट काय त्याच्यात?" रंगराव भडकला. "मह्या खुशीनं केलं!"

आणि तो तरातरा देवळाकडे निघाला. देवळाला कुलूप होतं. वामनराव मळ्याकडे गेले, कोणीतरी म्हणालं. आपल्या मळ्याकडे? कशाला? आणि मग मळ्याच्या बांधावर, धुऱ्यावर पोचल्यावर त्याला उमगलं... लिंबाखाली पंधरावीस माणसं उतरल्या तोंडाने बसलेली, आणि त्यांच्या मधोमध बाजेवर भगवंतराव, हातात ताकाचा गडू.

"ये," भगवंतराव ओरडले. "ही गोजर धुऱ्यावरूनच रडत आली. म्या इच्यारलं, कोन मेलं वं? तं म्हने, तुमी!"

शेजारची गोजरबाई तोंडाला पदर लावून बसली होती. हसावं की रडावं, तिला ठरवता येत नव्हतं. वामनराव मात्र उठून उभे राहिले. "बाप जिता अन् मिशी काहाडतं? लाज नाई वाटली?"

"तुमीच म्हन्लं होतं," रंगराव म्हणाला. आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही, आणि त्याला बरं वाटलं. "सभामंडपात. सगळ्यायच्या समोर. आता कयाधू माही."

"ते मजाकीत होतं."

"म्या मजाकीत नाई काहाडली."

भगवंतरावांनी गडू खाली ठेवला. पोराच्या तोंडाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "रंगा," ते म्हणाले, "म्या मेल्यावर काय काहाडशीन बे?" त्यांना राग आला होता की हसू, ते रंगरावाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या हनुवटीवर ताकाचा थेंब होता.

त्याच वेळी सत्यभामा मळ्यातल्या घरातून बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात पाण्याची कळशी. आणि त्याला पाहून जागीच थांबली. लग्नाच्या दिवशीही त्याला मिशी फुटलेली होती. हा ओठ तिने कधी पाहिलेलाच नव्हता. ती पुढे आली — सासऱ्यासमोर, गावासमोर, कधी आली नव्हती इतकी जवळ — आणि तिने बोट उचललं, पण लावलं नाही.

"शालूचा ओठ," ती म्हणाली. "कोनावर गेला होता ते मले उमजतच नोतं. तुमचाच व्हय."

एवढं बोलून तिने कळशी बाजेपाशी ठेवली आणि ती आत गेली.

"मंग राक्षस कोन होईन?" वामनराव विचारत होते. "बोल ना, कोन होईन?" ते आवाज दुरून कुठून तरी येत होते. घडी घालणारी, न रडणारी कयाधू इतके दिवस त्याने किती नीट बसवली होती... आता तिचे हात त्याला दिसेनात. त्याने बोट ओठावर नेलं. मऊ होता, पोराच्या ओठासारखा, आणि थरथरत होता. मिशीखाली तो आधीही असा थरथरत असेल का? त्या दिवशी, दोरीवर झगा असताना? कोणाला दिसला नसेल एवढंच. त्यालाही नाही.

सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. हात आपोआप ओठ झाकायला निघाला होता.

रंगरावाने तो खाली घेतला.