एकशे तेरावा पत्रा

सहा वर्षं मी एका अनोळखी माणसाला मनसोक्त शिव्या दिल्या. कामच तसं होतं. आमची दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण टिपते, आणि तिने पाठवलेल्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला डाव्या अंगाने एक पुसट शेपूट असतं. आरसे जोडताना कुणीतरी घोळ घातला होता. ते शेपूट गणिताने काढून टाकणं ही माझी नोकरी. एका चित्राचं काढून होतंय तोवर दुसरं हजर.

घरी जेवताना मी त्या माणसाचा उद्धार करायची. "कोण धांदरट होता कोण जाणे. हात होते की पाय?" आई वाढता वाढता म्हणायची, "आधी जेव. गार होतंय." तिने स्वतः त्या आरशांच्या विभागात काम केलं होतं. एकदा मी विचारलंही, कोण होतं ते आठवतं का? "खूप जणी होतो गं," ती म्हणाली. मी विषय सोडला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

दुर्बीण म्हातारी झाली, बॅटरी टिकेना. ती बंद करायच्या दिवशी आमच्या प्रमुख बाईंनी जुन्या लोकांनाही बोलावलं. आई ठेवणीतले कपडे घालून आली आणि पर्स मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. दुपारी शेवटचं चित्र पडद्यावर उतरलं. एकच तेजस्वी ठिपका, शेपटासकट. आईने आजवर फक्त छापून आलेली, मी साफ केलेली चित्रं पाहिली होती.

"हेच का ते?" तिने विचारलं.

"हेच. बघ काय करून ठेवलंय."

ती बराच वेळ बघत राहिली. मग खालमानेने म्हणाली, "एकशे तेरावा पत्रा. मीच बसवला होता."

ती हळू आवाजात सांगत गेली. सोन्याचा मुलामा दिलेले दोनशे पातळ पत्रे, तेच आरसे, एकात एक बसवायचे. पत्रा खाचेत नीट बसला की 'टिक' असा बारीक आवाज यायचा. डोळ्यांना काही कळायचं नाही, सगळा भरवसा कानांवर.

"एकशे तेरावा ठेवत होते, तेवढ्यात काचेपलीकडून कुणीतरी हातवारे करायला लागलं. शाळेतून फोन आला होता. शाळा सुटून दीड तास झालेला, आणि तू फाटकाशी एकटी. टिक झालं की नाही, माझं लक्षच नव्हतं. मी पळाले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पुढचे पत्रे चढलेले. सगळं उकलायचं तर महिना गेला असता. माझी जीभच रेटली नाही."

"मला तरी सांगायचं."

"तुला कळलं तर तू माझ्याशी बोलणार नाहीस, असं वाटायचं."

तो दिवस मला आठवत होता. आई धावत आली होती, कामावरची पांढरी टोपी डोक्यावर तशीच. वाटेत भेटलेल्या वर्गातल्या मुली हसल्या. मला इतकी लाज वाटली की घरापर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

मला रडू आलं. सहा वर्षं तिने माझं सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं, वर मला वाढलंही होतं.

प्रमुख बाई घाईघाईने आल्या. "हे भिंतीवर लावायचंय. तेवढं शेपूट काढून दे."

"काढ गं," आई पुटपुटली. "चार लोकांत बरं नाही दिसत."

"हे असंच लावू या, बाई," मी म्हटलं. "ते माझ्यामुळे आलंय."

बाईंना काही उमगलं नाही, पण लोक खोळंबले होते. चित्र शेपटासकट भिंतीवर लागलं. आई पर्समध्ये उगाचच चष्मा शोधत बसली. तो तिच्या डोळ्यांवरच होता.

घरी आम्ही चालतच गेलो. मी सारखी बोलत होते, त्या टोपीबद्दल, शाळेबद्दल, सुचेल त्याबद्दल. घर आलं तरी थांबेना, तेव्हा दार उघडत आई म्हणाली, "अगं, जरा श्वास तरी घे."