उलट्या ‘क’चा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. नाणं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. एका बेकरीवाल्याने मला करून घेतलं. मला दिलं की गिऱ्हाइकाला एक पाव मिळायचा, एवढीच माझी पत. पण त्या बेकरीचं दार मी कधी पाहिलंच नाही. माझा सगळा जन्म भीतीत गेला.

मला घडवणारा ठसेवाला एका लहान खोलीत काम करी. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती पितळेवर सुलटी उमटतात. माझा ठसा कोरताना त्याची लहान मुलगी मांडीला टेकून पाटीवर ‘क’ गिरवत होती. तिला दाखवता दाखवता त्याचा हात भुलला. ठशावर ‘क’ सुलटा कोरला गेला. मग आम्हा सगळ्यांच्या अंगावर ‘एक पाव’मधला ‘क’ उलटा उमटला.

बेकरीवाला भडकला. “अहो, गिऱ्हाइकाने पाव मागायचा की आरसा?” तो ओरडला. “वितळवा सगळे!”

भट्टी पेटली. माझे भाऊ मुशीत पडताना मी पाहिले. मी वाचलो, कारण त्या वेळी मी मुलीच्या मुठीत होतो. तिने मला हत्यारांच्या पेटीत, त्याच चुकलेल्या ठशाखाली लपवलं. पुढे कितीतरी वर्षं पेटी उघडली की मला वाटे, आता भट्टी.

ठसेवाला गेला. मुलगी म्हातारी झाली. एकदा तिचा जावई म्हणाला, “सासूबाई, ही पेटी नुसती अडगळ आहे. भंगारात देऊन टाकू.”

भंगार म्हणजे पुन्हा मूस! माझं पाणी पाणी झालं.

“आधी यातला बिल्ला नाण्यांच्या पारख्याला दाखवू,” ती म्हणाली. “तो नाही म्हणाला, तर खुशाल द्या.”

जावई स्वभावाने भला. असा काळाकुट्ट बिल्ला नेला तर लोक हसतील, म्हणून त्याने पितळ उजळायची पूड घेतली आणि माझी पाठ घासायला लागला. पाठीवर गव्हाची लोंबी होती. तिचे दाणे एकेक करून सपाट होत गेले. मित्रांनो, आपणच पुसले जात असताना ओरडता येऊ नये, याहून मोठी भीती नाही.

“ठेवा तो खाली!” सासूबाई धावल्या. “आंघोळ घालायला तो काय तान्हं बाळ आहे?”

पारख्याने भिंग डोळ्याला लावलं. त्याच्या नाणी ठेवायच्या वहीत याच बेकरीचे दोन बिल्ले होते, नंतर नव्या ठशाने पाडलेले. त्याने मला त्यांच्याशेजारी ठेवलं आणि मान हलवली.

“बाई, हा खोटा आहे. अक्षर उलटं, पाठ ताजी घासलेली. पुन्हा कुणी फसू नये म्हणून खोटे मी कापून टाकतो. कापू?”

कात्री माझ्याजवळच होती. तिची पाती मला आरशासारखी दिसत होती.

“खोटा नाही,” म्हातारी म्हणाली. “चुकलेला आहे. आणि चूक माझ्या वडिलांची एकट्याची नाही, थोडी माझीही आहे.”

तिने पिशवीतून ठसा काढला. पारख्याने भिंगातून पाहिलं. ठशावर केसाएवढी चीर होती. माझ्या अंगावर, त्या उलट्या ‘क’पासून काठापर्यंत, तशीच बारीक, उठलेली रेघ होती. रेघेला रेघ जुळली. कात्री खणात गेली आणि मी पहिल्यांदा श्वास घेतला.

“असा दुसरा मी पाहिला नाही,” तो म्हणाला. “पाठ घासली नसती, तर दुप्पट दिले असते.”

सोबत आलेल्या जावयाने खाली पाहिलं.

“विकायचा नाही,” म्हातारी म्हणाली. “फक्त हा काय आहे, ते एका कागदावर लिहून द्या. म्हणजे माझ्यामागे कुणी भंगारात घालणार नाही.”

तो कागद आता माझं अंथरूण आहे. मित्रांनो, घरात जुनी वस्तू सापडली, तर तिला लगेच घासूनपुसून चकचकीत करू नका. आधी जाणत्याला दाखवा. आणि कुणी तिला खोटी म्हणालं, तर एवढं विचारा, खोटी की चुकलेली?

माझी पेटी आता फळीवर असते. शेजारीच धूळ पुसायचं फडकं वाळत घालतात. ते हललं की मी अजूनही दचकतो.