गुलाबी पट्टीची बशी

गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रवीवानला सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके दिसले. या बशीत एकही दिसायला नको होता.

बशीत नान प्रांतातल्या सहा वर्षांच्या एका मुलीच्या पेशी होत्या. मुलीच्या मानेत गाठ होती. शुक्रवारपासून किरणोपचार सुरू व्हायचे होते आणि मात्रा पूर्ण द्यायची की निम्मी, हे आज दुपारी चारला ठरणार होतं. पेशीतला डीएनएचा धागा तुटला की राखणदार प्रथिनं तुटलेलं टोक हुडकतात, तिथे खूण लावतात, आणखी प्रथिनांना बोलावून घेतात. दुरुस्ती होईपर्यंत पेशीला दुभंगू देत नाहीत. ती खूण म्हणजे हा हिरवा ठिपका. निरोगी माणसाच्या पेशी किरणांखाली ठेवल्या की ठिपक्यांनी भरतात, न ठेवलेल्या कोऱ्या राहतात. मुलीच्या मात्र दोन्ही बश्या भरलेल्या होत्या.

म्हणजे एक तर मुलीचे धागे आपोआप तुटतात आणि सांधले जात नाहीत. मग पूर्ण मात्रा तिला जाळून काढेल. नाहीतर कोरी ठेवायची बशीही कुणीतरी किरणांखाली घातली. मग निम्म्या मात्रेत गाठ जगेल.

तिने झाकण उजेडात धरलं. शाईने लिहिलेलं शून्य, म्हणजे ‘किरण नाहीत’, स्पिरिटने पुसलं गेलं होतं. कडेला गुलाबी पट्टी होती. किरणांखाली जाणाऱ्या बशीला त्या वाराच्या रंगाची पट्टी लावायची, न जाणारीला काहीच नाही, असा इथला नियम. मंगळवारचा रंग गुलाबी, आणि बश्या मंगळवारीच खाली तळघरात गेल्या होत्या, कोरी ठेवायचीही, तेवढाच प्रवास घडावा म्हणून.

तंत्रज्ञ तोंग बाहेर कट्ट्यावर चिकट भात खात होता. गुरुवार म्हणून अंगात नारिंगी शर्ट. तो रवीवानपेक्षा बारा वर्षांनी मोठा, म्हणून ती त्याला ‘पी’, म्हणजे दादा, म्हणे आणि तो तिला ‘नोंग वान’, म्हणजे धाकटी वान.

“पी तोंग, ही पट्टी कुणी लावली?”

“मी. पोर मंगळवारी जन्मलेली आहे, फॉर्मवर पाहिलं. म्हटलं, तिच्या जन्मवाराचा रंग आहे, असू दे जवळ. बरं होईल तिचं.”

“दोन्ही बश्यांना?”

“तिन्हींना. तिची तिसरी बशी खाली नेलीच नाही, उबेच्या कपाटात आहे.”

“आणि खाली काय सांगितलंत?”

“सांगितलं ना, ही नुसती जाऊन येणार, हिला आत घालायची नाही म्हणून. नोंग वान, मी तुझा भात चोरल्यासारखी बघू नकोस गं.”

“भात चोरला असतात तर परवडलं असतं.”

किरणयंत्र तळघरात होतं. ते चालवणारे म्हातारे सवात, सगळ्यांचे ‘लुंग’, म्हणजे काका. त्यांच्या वहीत मंगळवारी दहा वीसला नोंद होती: तीन बश्या. असायला हव्या होत्या दोन, निरोगी माणसाची एक आणि मुलीची एक.

“लुंग, तिसरी कुठली?”

“मापकाची असेल, किरण किती पडले ते मोजायची. ती पण मोजणीत धरतो मी कधीकधी.”

“कधीकधी?”

“पोरी, सत्तावीस वर्षं झाली, त्या दिवसाचा रंग दिसला की आत घालतो. तोंग काहीतरी बोलत होता खरा. तो कधी बोलत नसतो?”

तिने मागची पानं उलटली. काही मंगळवारी मापकाची बशी मोजली होती, काही मंगळवारी नाही; वहीवरून काहीच ठरत नव्हतं.

साडेदहाला तिने कपाटातून तिसरी बशी काढली. ती खाली गेली नव्हती, याला साक्षीदार एकटा तोंग. त्याने पेशी रंगवायच्या द्रावणाच्या बाटल्या पुढे केल्या. तिने त्या बाजूला सारून दुसऱ्या उघडल्या.

“हातसुद्धा लावू देणार नाहीस?”

“आज नाही.”

थोड्या वेळाने तो बाहेरच्या कट्ट्यावर थंड चहाचा पेला ठेवून गेला. बर्फ वितळला तरी तिने तो घेतला नाही.

साडेतीनला पेशी रंगून तयार झाल्या. पन्नास मोजल्याशिवाय आकडा कळवायचा नाही, ही प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, सगळ्यांच्या ‘आजान’ची, म्हणजे गुरुजींची, सक्त ताकीद होती.

तीन बेचाळीसला मुलीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर नाप्पाडोन यांचा फोन आला. “पूर्ण की निम्मी?”

तोवर एकोणीस पेशी मोजून झाल्या होत्या. सातांत ठिपके होते: कोऱ्या बशीसाठी फार, भरलेल्या बशीसाठी थोडे.