‘थांब’ म्हणता न आलेला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. आता माझ्यातून आवाज येत नाही, तरी ‘आहे’ म्हणतो. सवय जात नाही. माझ्या जन्माची कथा फार मोठी नाही. कुणा सुताराने लाकडी पेटी केली, कुणा बाईंनी बारीक बोटांनी तारा जोडल्या आणि तपासनिसाने कान लावून “ठीक आहे” एवढंच म्हटलं. तेवढ्या कौतुकावर मी एका खाणावळीत नोकरीला लागलो.

तिथे माझा रुबाब काय वर्णावा. बातम्या लागल्या की गिऱ्हाइकांचे घास हातातच राहायचे. मालक मला रोज स्वतःच्या हाताने पुसायचा. मग माझे लहान, स्वस्त आणि खिशात मावणारे भाऊबंद आले आणि माझी रवानगी मागच्या शेडमध्ये, कोंबड्यांच्या खुराड्यावर झाली. जुनं ते सोनं म्हणतात, पण सोनं कुणी खुराड्यावर ठेवलेलं मी तरी पाहिलं नाही.

तिथून मला सोडवलं एका रेडिओ इंजिनीअरने. नोकरी प्रक्षेपण केंद्रात, पण सुट्टी मिळाली की हा गृहस्थ सायकलवर टांग टाकून दूरदूरच्या गावांना निघायचा. वाटेत चहाला थांबला की आधी विचारायचा, “तुमच्याकडे जुना रेडिओ पडलाय का हो?” गल्लीतली पोरं त्यांना बिनतारी काका म्हणत. काकांनी मला फाटक्या ट्यूबने कॅरियरला बांधलं आणि चढावर सायकल हातात धरून, पायी चालत घरी आणलं.

काकू दारातच म्हणाल्या, “लोक सायकलवरून भाजी आणतात.”

“भाजी गात नाही,” काका म्हणाले.

काकांची एक रीत होती. बरेच दिवस झोपलेल्या रेडिओला ते सरळ वीज देत नसत. लाकडी फळीवर बसवलेल्या एका बल्बमधून आधी थोडीथोडी वीज सोडायची. बल्ब भगभगला तर लगेच बंद. मंदावला तर पुढे जायचं. “उपाशी माणसाला एकदम भरल्या ताटावर बसवू नये,” असं ते म्हणायचे. माझे कंडेन्सर, म्हणजे पोटात वीज साठवणाऱ्या नळ्या, म्हातारे झाले होते. तेही त्यांनी बदलले नाहीत. मूळचे आहेत, इतिहास असा उपटून टाकायचा नसतो, हा त्यांचा हट्ट. दुसरा हट्ट म्हणजे मला कुणी हात लावायचा नाही. त्यांची लेक लहानपणी जवळ आली की, “लांब राहा, शॉक बसेल.” ती बिचारी लांबच राहिली, आणि तो बल्ब कशासाठी हे तिला कधी कळलंच नाही.

मग एके सकाळी काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सायकल भिंतीला टेकून राहिली, तिच्या टायरांतली हवा गेली. मी माडीवरच्या खोलीत फडक्याखाली धूळ खात पडलो. लेक नोकरी सांभाळून काकांचं सगळं करायची. ते दिवसभर छताकडे बघत पडून असायचे, आणि ते बघून तिचा जीव तुटायचा.

एका दुपारी तिने मला उचलून खाली आणलं. “बाबा, बघा कोण आलंय,” म्हणत पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि माझी वायर भिंतीत लावली. बल्बाची फळी वरच राहिली. तिच्या लेखी तो टेबलावरचा दिवा होता. मला दरदरून घाम फुटायचा तेवढा बाकी होता. काकांची नजर आधी माझ्यावर आली, मग माझ्या वायरवरून सरकत भिंतीतल्या प्लगवर गेली. त्यांनी डावा हात उचलला आणि जोरजोरात हलवला. घशातून कसाबसा आवाज काढला.

“आई, लवकर ये, बाबांना किती आनंद झालाय बघ,” लेक म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ते असे हलले होते. तिची तरी काय चूक?

जन्मभर मी दुसऱ्यांचे शब्द बोललो, आणि ‘थांब’ एवढा एक स्वतःचा शब्द माझ्याकडे नव्हता. काकांकडे होता, पण ओठांवर येत नव्हता. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो आणि तिने खटका दाबला.

माझे काचेचे व्हॉल्व्ह तापले. घुरघुर वाढत गेली. काका मूठ गादीवर आपटू लागले, तशी ती हसून म्हणाली, “हो हो, लागतोय, धीर धरा.” मग माझ्या पोटात फट्कन काही फुटलं आणि करपट धूर खोलीभर झाला. तिने धावत प्लग ओढला.

धूर विरल्यावर ती काकांच्या मुठीकडे बघत राहिली. “तुम्ही नको म्हणत होता,” ती हळूच म्हणाली. काकांनी तिचा हात ओढून घेतला आणि भाजलं तर नाही ना, म्हणून डाव्या अंगठ्याने तिचं एकेक बोट चाचपून पाहिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करणारे हात एकाच माणसाचे होते आणि त्यांतला उजवा आता चालत नाही. तेव्हा मला जपा, असं सांगण्यात अर्थ नाही. पण तुमच्या घरी कुणी न बोलता हात हलवत असेल, तर तो आनंदच आहे असं परस्पर ठरवू नका. जवळ बसा आणि विचारा, हो की नको? काकांना मान हलवता येत होती. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.